दोनदा ओढली तर

एर्मिनियो, सुरू करण्याआधी थोडं कंटाळवाणं बोलावं लागतं.
मी वाल्दिव्हियात, नदीकाठी, तिसऱ्या मजल्यावर.
दाराला कडी आहे, कडी लावली आहे.
बाहेर मांजर दार खरवडतंय,
आवाज आला तर मांजरच समजा, माणूस नाही.
तुम्ही कुठे आहात?

चिलोए, म्हणता तुम्ही.
बेट नको. गल्ली सांगा, घराचा रंग सांगा,
उद्या काही झालंच
तर कुणाला कुठे धाडायचं ते मला कळायला हवं.
माझा हात पडद्याबाहेर येत नाही.
ग्लासभर पाणीसुद्धा देता येणार नाही मला.

तुम्ही हसता, फोन फिरवता:
स्टिअरिंग, आरशाला टांगलेली जपमाळ,
काचेपलीकडे धक्का, ओहोटीत कलंडलेल्या होड्या.
घराच्या भिंती फळ्यांच्या. शेजारच्या खोलीत सासू विणते,
सुया थांबल्या की समजायचं, ऐकतेय.
बायकोला सांगून आलात, गॅसची टाकी आणतो.
टाकी मागच्या सीटवर आहे.
भरलेली. गेल्या मंगळवारपासून.

बरं. गाडी चालेल.
चालती गाडी चालणार नाही.
हेडफोन लावा. मी काही रेकॉर्ड करत नाही,
लिहिते ते वहीत, वही कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात.
तुमच्या फोनचं, तारांचं, आभाळात फिरणाऱ्या त्या डब्यांचं
वचन मी देऊ शकत नाही.

आणि आपली नजर जुळणार नाही.
तुमच्या डोळ्यांत बघायचं तर मला त्या काळ्या ठिपक्यात बघावं लागतं
आणि ठिपक्यात बघितलं की तुम्ही दिसत नाही.
मी तुम्हालाच बघेन.
तुम्हाला वाटेल, बाई खाली बघतेय, कंटाळली.
तसं नसेल.

येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा, नाहीतर पैसे पडतात.
पण बंदर उघडं म्हणजे तुम्ही पाण्यात,
बंदर बंद म्हणजे तुम्ही मोकळे,
म्हणजे आपलं वेळापत्रक वारा ठरवणार.
माझ्या नियमात हे बसत नाही. बसवू.

आता मुख्य. मधेच तुटलं तर?

"हे आम्हाला नका शिकवू, डॉक्टरबाई."
(मी डॉक्टर नाही, गोळ्या लिहून देत नाही,
तेही सांगायचं राहिलंच होतं.)
वर कॉम्प्रेसर धडधडतो, म्हणता तुम्ही,
पिवळ्या नळीतून हवा येते, डिझेलच्या वासाची.
कमरेला दोरी. दोरीचं टोक होडीतल्या माणसाच्या मुठीत.
एकदा ओढली: ठीक आहे.
दोनदा ओढली: वर घ्या.
रोज उतरण्याआधी हे बोलून घ्यायचं,
वीस वर्षांचा जोडीदार असला तरी रोज,
कारण खाली गेल्यावर
तोंड उघडायची सोय नसते.

तर ठरलं.
तुटलं तर पाच मिनिटं तुम्ही जागेवर, फोन मी लावणार.
नाही लागला तर तुमच्या बहिणीला, ओतिलियाला;
मी कोण, हे तिला आजच सांगून ठेवा.
आणि एखाद्या रात्री जीव नकोसा झाला
तर माझी वाट बघू नका, मी झोपलेली असेन.
हा दुसरा नंबर घ्या. तिथे कुणीतरी जागं असतं.

तुम्ही गॅसच्या पावतीवर लिहिता.
पेन उठत नाही. पुन्हा गिरवता.
मग मान वर न करताच म्हणता,
"मार्चमध्ये दोरी माझ्या हातात होती."

आणि चित्र थांबतं.

पापणी अर्धी मिटलेली, जपमाळ तिरकी.
नेटवर्क गेलं, की तुम्ही गप्प झालात?
इथून दोन्ही सारखंच दिसतं,
हे माझ्या यादीत कधी नव्हतंच.
मांजरसुद्धा थांबलंय.
मी घड्याळ बघत नाही, फोन उचलते.
एक रिंग.
दुसरी.